प्रभाकर मास्तर कोणाच्याच बाजूचे नाहीत

पनवेलात वडाळे तलावाच्या काठी रविवारी सकाळी निवृत्त मंडळींचा जो कट्टा भरतो, त्यात प्रभाकर मास्तरांना मोठा मान. मान कशाचा, तर ते कोणाच्याच बाजूचे नाहीत याचा. सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांची जुंपली की मास्तरांना बोलावतात. निवडणूक आली की दोन्हीकडचे लोक त्यांच्या घरी चहा पिऊन जातात आणि दोघांनाही वाटतं, मास्तर आतून आपलेच. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे गुण, उजवीकडे दोष, आणि घंटा झाली की फळा पुसून टाकायचा. अशा माणसाला लोक समतोल म्हणतात, कारण तोंडावर घाबरट म्हणायला जीभ रेटत नाही.

मास्तर मूळचे उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातले. थोरला भाऊ गणू चौथीत शाळा सोडून बापाबरोबर होडीवर गेला, म्हणून धाकट्याला बी.एड. करता आलं. हे गणूने कधी बोलून दाखवलं नाही आणि मास्तरांनी कधी विसरल्यासारखं केलं नाही. दर दिवाळीला ते वहिनीला, गुणाबाईला, साडी नेऊन देत. तेवढं केलं की वर्षभर झोप लागायची.

त्या रविवारी कट्ट्यावर विषय होता चर्चिलचा. बँकेतून निवृत्त झालेले शैलेश साने चर्चिलचे भक्त. ‘‘अख्खा युरोप गुडघ्यावर आला होता, तेव्हा हा एकटा उभा राहिला. बाकी सगळं सोडा,’’ असं म्हणून त्यांनी बाकी सगळं सोडलं. कॉलेजात शिकवलेल्या सुनीता देशमुख मात्र काहीच सोडायला तयार नव्हत्या. ‘‘बंगालमध्ये त्रेचाळीस साली लाखो माणसं अन्नावाचून मेली हो. तिथे धान्य पाठवायचं म्हटलं की याच्याकडे जहाजं नसायची. उभा राहिला म्हणे! कोणाच्या पोटावर उभा राहिला, तेही सांगा की.’’

आवाज चढले. चालायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मागच्या बाकावर गणूची मुलगी निशा येऊन बसली होती. काकांना स्कूटरवर घेऊन तिला दुपारच्या आत गावी पोचायचं होतं. गावात मच्छीमार सोसायटीचं नवं सभागृह बांधून झालं होतं आणि त्याला नाव कोणाचं द्यायचं, ते आज ठरणार होतं. गुणाबाईचं एकच मागणं होतं, गणूचं नाव द्या. ते नाव लागतं की नाही, यावरच तिचा जीव टांगलेला होता. गणू जाऊन सहा वर्षं झाली होती.

मास्तरांनी घसा साफ केला. चर्चिलवर ते बोललेच नाहीत. शेजारच्या आयर्लंडकडे वळले, कारण आयर्लंड त्यांचा लाडका. ‘‘शेजारी एवढं मोठं युद्ध पेटलेलं, पण आयर्लंड कोणाच्याच बाजूने उतरला नाही. इंग्लंडला त्यांची बंदरं हवी होती, त्यांनी दिली नाहीत. आपलं बंदर दुसऱ्याच्या भांडणात का म्हणून द्यायचं? युद्ध संपल्यावर चर्चिलने रेडिओवरून त्यांना वाट्टेल ते सुनावलं. आयर्लंडच्या पुढाऱ्याने शांतपणे उत्तर दिलं. लहान देशाचा मान राखला.’’

‘‘आणि हिटलर मेला तेव्हा हाच पुढारी जर्मन राजदूताकडे सांत्वनाला गेला होता,’’ साने फिस्कारले. ‘‘हा मान?’’

‘‘तो शिष्टाचार होता. आतून त्यांनी मदतच केली. चव्वेचाळीसच्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजांना फ्रान्सवर उतरायचं होतं, तेव्हा आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा केंद्रातून हवामानाचे आकडे गेले, म्हणून हल्ला एक दिवस पुढे ढकलला. एवढी मोठी मोहीम वाचली. तटस्थ राहूनही माणूस उपयोगी पडतो, ते असं.’’

ही गोष्ट मास्तरांनी वर्गात पन्नास वेळा तरी सांगितली असेल. टाळी ठरलेली. पण सुनीताबाईंनी टाळी दिली नाही. त्यांनी अगदी साधं विचारलं, ‘‘मास्तर, ज्याने ते आकडे सांगितले, त्याला ठाऊक होतं का, त्यांचा उपयोग कशाला होणार ते?’’

‘‘नाही. त्याचं ते रोजचं काम होतं.’’

‘‘मग तो देश तटस्थ कसला? वारा कधी पडेल हे एका बाजूला सांगितलं की तुम्ही त्या बाजूचे झालात. इथे जर्मन बुडाले म्हणून आपल्याला गोड वाटतं. उलटं झालं असतं तर? सांगणारा म्हणाला असता, मी काय, मी फक्त वारा सांगितला.’’

निशा उठून म्हणाली, ‘‘काका, निघूया, उशीर होतोय,’’ आणि ते एखाद्या शाळकरी पोरासारखे तिच्यामागे चालायला लागले.

स्कूटरवर मागे बसून ते जे आठवत होते, ते त्यांनी एकतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा गावच्या खाडीत भराव पडायला सुरुवात झाली होती. कोळ्यांनी लढा उभारला आणि गणू त्याचा म्होरक्या झाला. भाषण करता येत नव्हतं, पण गणू उठला की गाव उठायचं. ठरलं असं, की तृतीयेला अकरा होड्या खाडीतून बाहेर काढायच्या आणि भराव आणणाऱ्या तराफ्यांसमोर आडव्या लावायच्या. मास्तर पनवेलात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. नोकरी अजून पक्की नव्हती. गणूने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘दादा, मी या बाजूचाही नाय नि त्या बाजूचाही नाय.’’ गणू हसला. म्हणाला, ‘‘बरं हाय. एक तरी कोरडा राहू दे.’’

त्याच आठवड्यात भराव टाकणाऱ्यांपैकी एक अधिकारी शाळेत आला. त्याची मुलगी मास्तरांच्या वर्गात होती. मुलीची चौकशी झाली, चहा झाला आणि मग तो सहज म्हणाला, ‘‘सर, तुम्ही लोक म्हणे तिथीवरून पाण्याची वेळ सांगता? आमच्या छापील कोष्टकात बाहेरच्या बंदराची वेळ असते. आत, तुमच्या गावच्या खाडीत कधी पाणी चढतं, ते कळायला काही मार्ग?’’

कोळ्याला कोणी पाण्याची वेळ विचारावी आणि त्याने गप्प बसावं, हे व्हायचंच नाही. सगळा स्टाफरूम ऐकत होता. एरवी ज्याच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून सहकारी चेष्टा करत, त्याला आज साहेब विद्या विचारत होता. मास्तरांनी बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला. ‘‘कुठली तिथी?’’ साहेब म्हणाला, तृतीया. ‘‘तिनाची पाऊणपट, सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. पण आमच्या खाडीला गाळ फार. बारा वाजेपर्यंत होडी जागची हलत नाही.’’ सगळ्यांनी वाहवा केली. साहेबाने हात मिळवला.

तृतीयेला अकराच्या ठोक्याला पोलीस आले. होड्या गाळात बसलेल्या, माणसं पाण्याची वाट बघत होड्यांत बसलेली. गुडघाभर चिखलात पळणार कुठे? होड्या फोडल्या, माणसं झोडपली, चाळीस जणांना उचललं. घाटावरच्या पोलिसांना खाडीचं पाणी काय कळतं? कोणीतरी फोडलं, हे गावाने त्याच दिवशी ओळखलं.

आणि मग मास्तरांनी दुसरी चूक केली. त्याच अधिकाऱ्याच्या घरी जाऊन हात जोडले, माझा भाऊ आहे, सोडवा. गणू दोन दिवसांत सुटला. बाकीचे एकोणीस दिवस आत राहिले. आदल्या दिवशी बोलणी करायला कचेरीत गेला होता कोण, तर गणू. सगळ्यांच्या आधी सुटला कोण, तर गणू. गावाला आणखी काय पुरावा पाहिजे? त्याच्या होडीवर कोणी चढेना. लग्नाचं आवतण येईना. होळीला सगळं गाव बंदरावर नाचायचं, तेव्हा हा माणूस घरात बसून फाटलेली जाळी तुणत राही. शेवटची दहा वर्षं त्याने गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी केली, त्याच भरावावर. मास्तर दर दिवाळीला साडी घेऊन जात राहिले.

सभागृहात शे-दीडशे माणसं जमली होती. सोसायटीचा अध्यक्ष परेश, पस्तिशीचा, भला मुलगा. त्याने गणूचं नाव मांडलं. ‘‘लढा त्यांनी उभा केला. त्यांच्यामुळेच पुढं आपल्याला जेट्टी तरी मिळाली.’’

जगन उठला. एकोणीस दिवस आत राहिलेल्यांपैकी तो. डावा हात तेव्हापासून वर जात नाही. ‘‘लढा उभा केला न् पाणी पन त्यानंच सांगितलं. माझा हात गेला, परेश. रोज या भिंतीवर त्याचं नाव वाचू का मी?’’

कुजबुज वाढली. पहिल्या रांगेत गुणाबाई बसली होती. नऊवारी नेसून, लोक काय म्हणतील ते न बघता केसात अबोली माळून, जणू लग्नाला आली होती. जगन बोलत असताना तिने मान खाली घातली नाही.

परेश म्हणाला, ‘‘मास्तर, तुमी शिकलेले. तुमी कोणाच्या बाजूचे नाय, सगल्या गावाला ठावं हाय. तुमीच सांगा.’’

मास्तर उभे राहिले. सवयीने सुरुवात झाली, ‘‘कुठल्याही पुढाऱ्याचं मोजमाप करताना त्याचे गुण आणि...’’ आणि ते थांबले. स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली.

‘‘पाणी गणूदादानं नाय सांगितलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी सांगितलं. शाळेत त्यांचा साहेब आलेला, त्याला मी वेळ काढून दिली. शेखी मिरवली. आणि दादा लवकर सुटला तो पन माझ्याच शब्दावर. त्याला काय ठावं नव्हतं. एवढी वर्षं मी भीतीनं बोललो नाय.’’

कोणी अंगावर धावून यावं, थोबाडीत मारावी, असं मास्तरांना खरंच वाटत होतं.

जगन हळूच म्हणाला, ‘‘मास्तर, बसा. भाऊ व्हता तुमचा, कललं आमाला.’’

‘‘मी खरं सांगतो, जगन.’’

‘‘तुमी? तुमी आयुष्यात कवा कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुमी साहेबाला पाणी सांगाल? भावाची लाज झाकायला एवढं अंगावर घेतलं, मोठं मन लागतं.’’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘पन खोट्यावर नाव नको लावू आपण.’’

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मास्तर ‘‘ऐका, ऐका’’ म्हणत राहिले, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. हात वर झाले. गणूच्या नावाला नऊ हात. मग कोणीतरी सुचवलं, वरच्या मजल्यावर पोरांसाठी वाचनालय होणार आहे, त्याला मास्तरांचं नाव देऊ. असा माणूस गावात दुसरा नाही. हे मात्र एकमताने झालं. शाल आणि नारळ तयारच होते, कोणासाठी तरी आणलेले. ते मास्तरांच्या हातात आले. त्यांनी ते घेतले. नाही म्हणायला हवं होतं, पण सभेत हातात नारळ दिला की तो घ्यायचा असतो, आणि एवढ्या वर्षांची सवय एका दुपारी जात नाही.

गुणाबाई बाहेर पायरीवर चपला घालत होती. मास्तर शाल तशीच खांद्यावर घेऊन तिच्यामागे धावले.

‘‘वहिनी, मी खरंच सांगितलं. माझ्यावर कोणी विश्वासच...’’

‘‘ठावं हाय मला.’’ तिने वर पाहिलं नाही. ‘‘हे सुटून आले त्याच दिवशी त्यांनी वलखलं, पाणी कोणी सांगितलं ते. साहेबाचा शिपाई बोलला व्हता त्यांना, तुमचा मास्तर भाऊ येऊन गेला म्हणून. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पनवेलला जाते न् विचारते. तर म्हणाले, जाऊ नको. नोकरी कच्ची हाय त्याची. तो येईल आपणहून, येऊन सांगेल.’’

मास्तर पायरीवर बसले.

‘‘पहिल्या दिवालीला तुमी आलात, तवा यांनी मला आत पाठवलं. म्हणाले, आज बोलेल. साडी ठेवून तुमी गेलात. मग दर दिवालीला मला आत जायला सांगायचे. पंचवीस दिवाल्या मी आत जाऊन बसले, भावजी.’’

‘‘मग वहिनी, तुम्ही का नाही बोललात गावात?’’

‘‘बायको बोलली तर नवऱ्यासाठी बोलते म्हणतात. तुमचं ऐकलं असतं. तवा ऐकलं असतं.’’

निशा स्कूटर घेऊन आली. तिने आईला मागे बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून नीट खोचायला सांगितलं. काकांकडे एकदा पाहून तिने किल्ली फिरवली. गुणाबाई बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘या दिवालीला येऊ नका.’’