दुखलं नाही, हे आईला सांगितलं नव्हतं

रूट कॅनलसाठी त्या खुर्चीत आडवा झालो, तेव्हा मला दुखण्याची तेवढी भीती नव्हती. डॉक्टरबाई आईबद्दल विचारतील, याची होती.

परळच्या त्याच दवाखान्यात, त्याच खुर्चीत, दोन वर्षांपूर्वी आई बसली होती. तिची उजवीकडची दाढ ठणकत होती आणि डाव्या बाजूला चावायला आधीच काही उरलं नव्हतं. एक्स-रे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाढ वाचेल. रूट कॅनल करू. तीनदा यावं लागेल."

आईने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "वाचतली म्हणता ना ती?"

मी डॉक्टरबाईंनाच म्हणालो, "या वयात कशाला तो त्रास? काढूनच टाका."

"अहो, आजींना विचारा ना."

आई म्हणाली, "ह्यो म्हणता तसा करा." आमच्या घरी बाबा होते तोवर त्यांचा शब्द, ते गेल्यावर माझा. कागदावर सही मीच केली.

खरं तर त्रास माझा होता. तीनदा अर्धी रजा टाकायची, तिचा हात धरून लालबागच्या आमच्या चाळीचे जिने उतरवायचे, टॅक्सी शोधायची, तिथे ताटकळत बसायचं. पैशाची अडचण असती तर निदान तोंडाने सांगता तरी आली असती.

त्यानंतर आई भाकरी आमटीत कुसकरून खाऊ लागली. सुकट मिक्सरमधून काढून. जेवायला सगळ्यांच्या आधी बसायची आणि सगळ्यांच्या नंतर उठायची. तक्रार एकदाही नाही.

आणि आता माझी दाढ.

"आजी कशा आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलंच. "कवळीचं माप द्यायला आणणार होतात."

"आणतो," मी म्हणालो आणि घाईने तोंड उघडलं.

त्यांनी आधी हिरडीला जेल लावलं, मग सुई दिली. गाल आणि ओठ बधिर झाले. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणला. तारेसारख्या बारीक सुयांनी आतली मेलेली नस काढली, मुळांच्या नळ्या साफ केल्या. औषधाचा वास, एका यंत्राची बीप-बीप, आणि तासभर जबडा उघडा ठेवून आलेला शीण. बस, एवढंच. आता दुखेल, मग दुखेल, अशी मी वाट बघत पडून होतो. थोडं दुखावं असंही वाटत होतं. दुखलं असतं तर आईची दाढ काढली ते थोडं तरी बरोबर ठरलं असतं. नंतर दोन दिवस दाबलं की ठणकायचं, तेही एका गोळीवर थांबलं.

घरी आलो तेव्हा आईने पेज करून ठेवली होती. "खूप दुखला काय रे?"

ओठ अजून बधिर होता. तशातच बोललो, "विचारू नकोस. मरण आठवलं."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तरी बरां, माझी काढलंस ती. सुटलंय मी."

ते ऐकून मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही मी गाल धरूनच घरी आलो.

दाढेवर कॅप बसली आणि मी ते सगळं विसरलो. आई विसरली नाही. माझे हाल तिने चाळीत घरोघर सांगितले. एका रविवारी समोरच्या खोलीतली बाई पिशवीत एक्स-रे घेऊन आली. वय असेल पस्तीस.

"दादा, खरं सांगा. मला पण रूट कॅनल सांगितलंय. मावशी म्हणतात, तुम्ही पार रडवेले होऊन आलात."

"रडवेलो? दोन दिवस ह्यो गाल धरून गप बसललो," आई आतून म्हणाली. "काढून टाक गो. एक घाव दोन तुकडे."

"मी तेच ठरवलंय, मावशी. उद्या जातेय काढायला. मिस्टर पण तेच म्हणाले."

ती हसत उठलीसुद्धा. तेव्हा मी म्हणालो, "काढू नका. दुखत नाही."

"म्हणजे?"

"मला काही दुखलं नव्हतं. मी घरी खोटं सांगितलं."

आई दारात येऊन उभी राहिली. "मगे माझी कित्याक काढूक लावलंस?"

रजा मिळत नव्हती, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण रजा शिल्लक होती. "तुझ्याबरोबर तीनदा यायचा मला कंटाळा आला होता," मी म्हणालो.

शेजारीण खाली बघायला लागली. आईने एक्स-रेची पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू जा गो उद्या. वाचव ती. आणि डाक्टरणीशी तूच बोल. नवऱ्याक मदी बोलूक देव नको."

ती गेली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. आई गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि तिला हाक मारून पुढे काय बोलावं हे न कळून मी आत बसून राहिलो.