बडीमायच्या गालातले तांदूळ

माझी मोठी जाऊ घरात कुठे आहे हे कोणाला विचारावं लागत नसे. कान दिला की पुरे. कर्र, कर्र, कर्र. डाव्या गालात कच्च्या तांदळाची चिमूट आणि दात चालू. पोरं तिला बडीमाय म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. लुगड्याच्या ओच्यात मूठभर तांदूळ कायम. भांडताना, हसताना, अगदी देवापुढे हात जोडतानासुद्धा दाणे गालातच. सासूबाई ओरडल्या की म्हणायची, "देवाले मालूम नाही का? तांदूळ त्यानंच देल्ले, चावाले दात बी त्यानंच देल्ले."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन आमगावजवळच्या त्या खेड्यात आले. माहेर तिरोड्याचं, शिक्षण सातवी पास. सासरच्यांना त्याचा थोडा धाक आणि मला भलताच गर्व. पहिल्या संध्याकाळी मी चुलीपाशी मुसमुसत बसले होते, तर बडीमायने माझ्या तळहातावर चार तांदूळ ठेवले. "माहेरची आठवन आली का एक दाना चावजो. रडू दातातच राहते." मी चावला. रडू काही थांबलं नाही, पण मधेच हसू आलं. त्या घरात मला पहिलं आपलं वाटलं ते माणूस हे.

आमच्या मुलखात कोणाकडे काही नसलं तरी धान असतं, त्यामुळे तांदूळ खाल्ला म्हणून कोणी कोणाला चोर म्हणत नाही. पण कच्चा तांदूळ खाल्ला की रक्ताचं पाणी होतं, ही तिथली पक्की समजूत. आणि बडीमाय तर खरंच उतरत चालली होती. मूळचा तुकतुकीत सावळा रंग राखेसारखा झाला होता. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन ओट्याच्या दोन पायऱ्या चढली की भिंत धरून धापा टाकत उभी राही. विचारलं तर म्हणे, "पायऱ्या वाढल्या वाटते वो." मग तीन-चार वर्षांनी एका रोवण्यात, परे म्हणजे धानाची रोपं लावता लावता, ती शेताच्या बांदीतच तोंडावर पडली. आम्ही दोघीतिघींनी उचलली, तेव्हा तोंडातून चिखल निघाला आणि चिखलात तांदूळ.

सासूबाईंनी त्याच दिवशी तांदळाच्या कोठीला कुलूप घातलं. दोन दिवसांनी पाहते तर बडीमाय भिंतीचे पोपडे काढून खातेय. मला ते बघवेना. मी भातासाठी काढलेल्या तांदळातून गुपचूप एक मूठ तिच्या ओच्यात टाकू लागले. मी हिला जगवतेय की मारतेय, मला कळेना. सातवीच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

शेवटी माझे भासरे, म्हणजे तिचे यजमान, तिला रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, घालून आमगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. सासूबाई आणि मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायचं तिथे पेजेचा रंग होता. नखं पाहिली, ती मधे खोलगट झाली होती. मग विचारलं, "ही वेगळं काही खाते का?"

सासूबाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. "तांदूळ! कच्चे तांदूळ! तुमीच सांगा जी तिले."

"आई, तांदळामुळे हिचं रक्त कमी झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त कमी झालंय म्हणून हिला तांदळाची ही ओढ लागलीय. रक्तात लोखंड असतं. ते हिच्या अंगातलं संपत आलंय."

भासऱ्यांनी बराच विचार करून विचारलं, "रक्तात लोखंड? मंग जंग नाही चढत का जी?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. बोडीची, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्याची, पाळ फुटली असेल तर वरून कितीही पाणी आलं तरी बोडी भरेल का? आधी गळती शोधायला हवी. अनवाणी चिखलात राबून पायातून जंत शिरतात आणि आत बसून रक्त पितात. त्यांनी जंताचं औषध दिलं, लोखंडाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी लोखंडी कढईत करा म्हणाले. निघताना मला एकटीला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. पुढे कधी ही पुन्हा तांदूळ चावायला लागली तर रागावू नका. सरळ इकडे घेऊन या." मी मान डोलावली. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. तांदळाचा दोष नाही. म्हणजे माझाही नाही.

सासूबाई रेंगीत घरापर्यंत धुमसत होत्या. "म्हनजे पह्यले पाऊस पडते नं मंग ढग येते म्हन!"

नंतरचे दोन महिने आमच्या घरात नुसता गोंधळ. भासऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या माठात बोटभर लांबीचा खिळा टाकला. गोळ्यांनी शौचाला काळं होऊ लागलं तर बडीमाय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अंदरचं जळून राहिलं वो," आणि गोळ्या बंद. मी समजूत घालून त्या सुरू केल्या. अंगात जरा बळ आलं तर ही दोन दोन खायला लागली. "एकीनं चालाले लागली, दोनीनं धावन." एक नवऱ्यालाही दिली, ते चार दिवस पोट धरून बसले. त्यावर कळस म्हणजे, माझी दोन वर्षांची पोर रडत होती म्हणून हिने साखरेच्या मुलाम्याची ती हिरवी गोळी खाऊ म्हणून तिच्यापुढे धरली. मी झडप घालून हिसकावली.

पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा हे ऐकून डॉक्टर खरेच चिडले. "लेकराचा जीव गेला असता! आणि ज्याला कमी नाही त्याने हे घ्यायचंच नाही. जास्तीचं लोखंड अंग सहजी बाहेर टाकत नाही. ते साचतं आणि काळीज बिघडवतं."

बडीमायने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर सासूबाई दूर आहेतसं पाहून म्हणाली, "कमी झालं तरी मरन, जास्त झालं तरी मरन. हे लोखंड आहे का सासू?" गोळ्यांची पुडी मात्र तेव्हापासून आढ्याला टांगलेल्या शिंक्यात गेली.

आणि ती बरी झाली. डोक्यावर दोन गुंड घेऊन पायऱ्या चढू लागली. पण घर एकाएकी मुकं झालं. एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली, तळहातावर तांदूळ. "चाखून पाय वो. यंदाचे तांदूळ बदलले का?"

मी चावले. तांदूळ तेच होते.

"मले माती लागून राहिली," ती म्हणाली. बराच वेळ दाणे बोटांनी उलटेपालटे करत राहिली. "मंग इतके साल तांदूळ मले आवडत होते का रक्ताले? माहा राग बी माहा नसन का? तुह्यावरची माया?"

मी हसण्यावारी नेलं, कारण उत्तर मला येत नव्हतं. ते आजही येत नाही. पण त्या मुक्या घरात मला करमेना. ती धडधाकट झाली होती, आणि मी, तिची धाकटी जाऊ, तिच्या दातांच्या आवाजासाठी झुरत होते. हे कोणाला सांगायची मला लाज वाटायची.

आठ-नऊ वर्षं अशीच गेली. सासूबाई गेल्या, कोठीची किल्ली बडीमायच्या कमरेला आली. एका दिवाळीनंतर मी नवे तांदूळ पाखडत होते. मागून आवाज आला. कर्र.

मी सूप टाकून वळले. बडीमाय पदर तोंडाला लावून चोरी पकडलेल्या पोरीसारखी हसत होती. "गोड लागून राहिले वो. पह्यल्यावानी."

मला इतका आनंद झाला! माझी बडीमाय परत आली असंच वाटलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, तांदळाचा दोष नाही. मी माझ्या हाताने तिचा ओचा भरला. त्या दिवशी भरला, दुसऱ्या दिवशी भरला, दोन महिने भरत राहिले. ती सावकाश चालायची, मी म्हटलं वय झालं. पाळी जायच्या वयात तिला महिन्यातले पंधरा पंधरा दिवस अंगावरून जात होतं आणि ती पहाटे एकटी बोडीवर जाऊन रक्ताचे धडपे धुवून आणत होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या काळी जावाजावांतही हे बोललं जात नसे. पाळ फुटली होती, आणि मी वरून तांदूळ ओतत होते.

मळणीच्या दिवसांत ती खळ्यावर तणसाच्या ढिगाला टेकून बसली आणि तिला उठताच येईना. दवाखान्याकडे निघालेल्या रेंगीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिची पापणी ओढून पाहिली. तोच पेजेचा रंग. पुन्हा तांदूळ चावायला लागली तर सरळ इकडे घेऊन या, हे डॉक्टरांचं दुसरं वाक्य तेव्हा मला आठवलं, अक्षर न् अक्षर. मला हुंदका आवरेना. तिने डोळे उघडले, चाचपडत ओच्यात हात घातला आणि माझ्या तळहातावर दोन-चार दाणे ठेवले. "चाव. रडू दातातच राहते."

आमगाव यायच्या आधीच ती गेली.

आता घरातल्या लेकीसुना मला हसतात. कोणी माहेरी आली की मी आधी तिची पापणी ओढून बघते, मग पाणी देते. महिन्याचं, अंगावरचं, सगळं तोंड उघडून विचारते. त्या लाजतात, मी लाजत नाही. एवढं एक मी शिकले, तेही बडीमायच्या जिवावर. बाकी माझा गोंधळ आहे तसाच आहे. मला आवडायचा तो आवाज तिचा होता की तिच्या दुखण्याचा, हे मला अजून ठरवता येत नाही. घरात कुठे कर्र वाजलं की आधी मला आनंदच होतो, आणि मग मी धावत सुटते.