काकांचं शिफारसपत्र

डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना डॉक्टरकीपासून लांब ठेवण्यात आमच्या काकांचा हात धरणारा माणूस उभ्या वेल्समध्ये नव्हता. काका म्हणजे बाबांचे मित्र, कार्डिफच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डचे डॉक्टर. ऐंशीच्या दशकात आमच्या मराठी घरांतल्या ज्या पोराला मेडिकलला अर्ज करायचा असे, त्याला आईबाप आधी काकांच्या पायावर नेऊन घालत. हॉस्पिटलात काम केल्याचा अनुभव लागायचा, आणि शिफारसपत्र काकांचंच हवं असायचं. पोरांना वाटे, ऑपरेशन बघायला मिळेल. काका त्यांच्या हाती चहाची ट्रॉली देत. संध्याकाळी घरी सोडताना कारमध्ये परीक्षा. "चार नंबरच्या बेडवर कोण?" "स्ट्रोक, काका." "स्ट्रोक हे काय त्याच्या आईनं ठेवलेलं नाव आहे? साखर किती चमचे घेतो ते सांग!" एकदा एका मुलाची आई तणतणत आली, "अहो, आमचा मुलगा डॉक्टर व्हायला आलाय, वेटर नव्हे." काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, आधी वेटर तर नीट होऊ दे."

माझ्या वाट्यालाही ट्रॉलीच आली. दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. खिडकीशी एक वेल्श आजी होत्या, जरा विसरभोळ्या. मी चहा-बिस्किटं पुढे केली. "नो थँक यू, लव्ह," त्या म्हणाल्या. आता आमच्याकडे पाहुणा पहिल्या फटक्यात हो म्हणतो का? तीनदा नको म्हणतो नि चौथ्यांदा खातो. मी आपला आग्रह चालू ठेवला, बिस्किट चहात बुडवून हातात दिलं. आजींनी एक सोडून दोन खाल्ली. मी खूश! दहा मिनिटांनी त्यांना ऑपरेशनला न्यायला माणूस आला, तेव्हा कुठे मला उशाशी लावलेली पाटी दिसली: काहीही खायला-प्यायला देऊ नये.

कुणी पाहिलं नव्हतं. पण भरल्या पोटी भूल दिली तर जिवावर बेतू शकतं, एवढं मला ठाऊक होतं. बोलले तर पत्र गेलं, आणि पत्राबरोबर मेडिकलही. तशीच धावत जाऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी आधी फोन करून ऑपरेशन थांबवलं, मग सिस्टरपुढे उभं राहून माफी मागितली. "मुलगी मी आणलेली, चूक माझी," म्हणाले. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत.

पण पत्रात सगळं लिहिलं की हो त्यांनी! चहा, बिस्किटं, थांबलेलं ऑपरेशन. शेवटी एवढंच, की कुणी विचारायच्या आत ही स्वतः येऊन बोलली. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. माझं टाळकंच फिरलं. "काका, माझ्या आयुष्याची वाट लावलीत तुम्ही!"

"मग काय, खोटं लिहू?" त्यांनी विचारलं. मी दोन-तीन महिने अबोला धरला.

इंटरव्ह्यूमध्ये त्या लोकांनी निम्मा वेळ त्या बिस्किटांबद्दलच विचारलं. मी जसं घडलं तसं सांगितलं. प्रवेश मिळाला.

आई म्हणाली, "जा, आधी काकांच्या पाया पडून ये." मिल्क पावडरचे पेढे घेऊन गेले. बसमध्ये माफीची तालीम चालली होती. काकांनी पेढा तोंडात टाकला, "शाब्बास" म्हणाले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या आजींचं पुढे काय झालं गं?"

एवढे दिवस मी पत्राचा विचार केला, इंटरव्ह्यूचा केला, काकांवर चिडले, रडले. आजींची चौकशी एकदाही केली नव्हती.

"बऱ्या आहेत," शेवटी काकाच म्हणाले. "पुढच्या आठवड्यात झालं ऑपरेशन. घरी गेल्या." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक मला चांगली डॉक्टर म्हणतात. त्या दिवशी काकांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, याची लाज मला अजून वाटते, आणि त्यांची आठवण फार येते.