निरोप गेलाय

"निरोप गेलाय. आता जेवण चुकवून चालायचं नाही." रोज सकाळी सुई टोचून घेतली की आमच्या बाई हे म्हणत, पदर सारखा करत आणि वर्गाकडे निघत.

सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. उत्तनजवळच्या चौक गावात बाई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. त्या रत्नागिरीकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. अंगाने काडी, आवाजाने नगारा. त्यांना लहानपणापासून मधुमेह होता. तुम्हीही तेव्हा मधुमेह हा पोट सुटलेल्या शेठजींचाच आजार समजत असाल. मी तर समजत होते.

"रोज इंजेक्शन कशाचं, बाई?" मी विचारलं.

सुई उकळत ठेवून त्या म्हणाल्या, "जठराच्या मागे एक ग्रंथी असते. जेवलं की ती रक्तात रस सोडते. तो अंगभर फिरून सांगतो, साखर आलीय, आत घ्या. माझी ग्रंथी मुकी आहे. मग तिचा निरोप मी बाटलीतून धाडते."

बाटलीला गारवा लागे. फ्रीज गावात कुणाकडेच नव्हता, पण म्हावऱ्यासाठी भुशात झाकलेला बर्फ होता. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी पहिली बाटली मायेने थेट बर्फातच पुरली. ती गोठली आणि वाया गेली. बाई भाईंदरला जाऊन दुसरी घेऊन आल्या. तेव्हापासून बाटली एका डब्यात आणि डबा बर्फाशेजारी, भुशावर.

"बाय, तुझी बाटली गार हाय," मावशी सांगत. "पापलेटच्या उशाशी निजवलीय."

बाटलीला मासळीचा वास येई. "अर्धी कोळीण झालेय मी," म्हणत बाई खूश.

चौथीच्या मुलांना हा धडा पुस्तकात नसताना त्यांनी शिकवला. निरोप गेला आणि जेवण आलं नाही, तर रक्तातली साखर फार उतरते. मग मूत्रपिंडांवर बसलेल्या दुसऱ्या ग्रंथी धोक्याची हाक देतात. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. "तेव्हा मी काहीबाही बरळले तर घाबरू नका. टेबलाच्या खणात गूळ आहे."

एकदा तपासणीला साहेब आले. तपासणी लांबत गेली, जेवणाची सुट्टी झालीच नाही. मी दारातून पाहिलं तर बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, ब्लाउज घामाने भिजला होता.

"साहेब, तुमची टोपी वाकडी आहे," बाई म्हणाल्या. "सरळ करा, नाहीतर बाकावर उभे राहा."

साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात वर्गात बसलेली मावशींची नात उठली, तिने खण ओढला आणि बाईंच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

"हे काय चाललंय?" साहेब गरजले.

"साहेब, निरोप गेला हाय, जेवण न्हाय आलं. थोडं थांबा."

मी धावत जाऊन बाईंना धरलं. त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. गूळ गिळतायत की नाही, कळेना. माझीच छाती धडधडू लागली; ती हाक माझ्या ग्रंथींची होती, हे नंतर सुचलं. पोरीने आणखी एक खडा भरवला. हळूहळू बाईंची नजर ठिकाणावर आली.

"मी काही बोलले का?"

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "विशेष नाही. आधी जेवून घ्या. तपासणी होईल सावकाश."

सगळा वर्ग हसला, साहेबही हसले. मावशींच्या घरून भात-कालवण आलं आणि दोघं समोरासमोर बसून जेवले.

पुढे बाईंची बदली घोडबंदरला झाली. "एसटीनं न्हाय जायचं, बाय," मावशी म्हणाल्या. "आमच्या होडीनं चल."

बाई पाण्याला भयंकर घाबरत. तरी चढल्या, दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली आणि भीती लपवायला मोठ्याने बेसूर गाऊ लागल्या. होडीवरच्या कोळ्यांनी सूर धरला. होडी खाडीत वळली, तिवरांआड गेली, शिडाचं टोकही दिसेनासं झालं. किनाऱ्यावरची मुलं मात्र अजून प्रत्येक ओळीला साथ देत होती.