बंद करायचा नाही असा कॉम्प्युटर

कंपनीचा कॉम्प्युटर आमच्या घरी जोडायला आलेल्या माणसाने जाताना मला एकच गोष्ट दोनदा बजावली, हा कधी बंद करायचा नाही.

निघोज्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी बाहेर जाणाऱ्या मालाची बिलं करायचे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि ताथवड्याहून रोजचं जाणं-येणं जमेना, तेव्हा साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली. बिलाचं सॉफ्टवेअर त्या एकाच मशीनवर होतं. दिवसा मी काम करायचं, माझ्यानंतर सेकंड शिफ्टच्या लोकांनी कंपनीत बसून तेच मशीन इंटरनेटवरून चालवायचं. मशीन अडकलं तर बटण दाबायला घरात मी. नोकरी वाचली याच आनंदात होते, पुढचा विचार केला नाही.

हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग होता, म्हणून कॉम्प्युटर आमच्या झोपायच्या खोलीत आला. त्याच्या पंख्याची घरघर थांबायचीच नाही. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत असायचे आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागायचा. कंपनीत कुणीतरी बिल काढतोय, हे कळत होतं. तरी मी पडदा बंद करून ठेवायला लागले, साडी बदलायला बाथरूममध्ये जायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला काय डोळे आहेत का. त्याच्या शिफ्टच्या पाळ्या फिरत्या, घरी असला की झोपलेला असायचा.

सासऱ्यांना मात्र तो कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून खुपत होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. भोसरीत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. सुट्टीच्या दिवशी चालू राहिलेल्या एका मशीनचं पॅनल जळताना त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे टीव्ही असो, मिक्सर असो, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरचंही बंद केलं आणि कंपनीतून मला बोलणी बसली. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. अण्णांनी ती पाहिली आणि हळूच म्हणाले, "माझ्याच घरात बटनाला हात लावायचा न्हाई, व्हय?" त्यानंतर ते आमच्या खोलीत यायचेच बंद झाले.

माझं बाहेर पडणंही थांबत गेलं. भाजी आणायला गेले तरी फोन हातात. लग्नात जेवून लगेच निघायचं. राजगुरुनगरला माहेरी मुक्काम तर सोडूनच दिला होता. ऑफिसात होते तेव्हा सुटायची वेळ तरी होती.

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, गुरुवारी. साहेबांनी सुट्टी दिली, वर म्हणाले, मशीन तेवढं चालू राहू द्या. सासूबाईंजवळ अण्णा होते. मशीन अडकलं तर कॉम्प्युटरवरचं बटण कसं दाबायचं, ते मी त्यांना दाखवून निघाले. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे मला माहीत होतं. पण आईने तारीख माझ्या सोयीने बदलावी, असं तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

आईला आत नेलं आणि कंपनीतून फोन आला, मशीन लागत नाही. मी घरी फोन केला. लाइट जाऊन परत आली होती. अण्णांना म्हटलं, कॉम्प्युटरवरचं बटण दाबा.

"न्हाई दाबत," ते म्हणाले.

मी विनवलं, मग आवाज चढवला. दवाखान्यातले लोक वळून बघू लागले. अण्णांनी फोन ठेवला. कंपनीचे फोन येतच राहिले. आईला बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी होती. तिने हात चाचपडत माझा हात धरला आणि विचारलं, राहशील ना आज? मी वहिनीकडे तिला सोपवून एसटी पकडली. चाकणच्या चौकात गाडी कंटेनरांच्या मधे अडकून पडली. मागे आईचा हात सोडून आले आणि पुढे सासऱ्यांशी भांडायला चालले, एवढंच डोक्यात फिरत होतं. उतरून चालत जावं म्हटलं तर घर अजून कितीतरी लांब होतं.

घरी पोचले तर अण्णा आमच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर खुर्ची घेऊन बसलेले. खोलीत जळकट वास होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाइट आली तवा आतनं धूर निघाला. मीच पट्टी फाडून भिंतीवरनं बंद केला. तुला सांगितलं असतं तर तू आईला टाकून पळत आली असतीस."

मी तशीच आले होते.

दुसऱ्या दिवशी काळेवाडीतल्या दुकानदाराने मशीन उघडलं. आत वीज पुरवणारा पॉवर सप्लाय गेला होता, तो त्याने बदलला; बाकी सगळं शाबूत. रोज बंद केलं तर बिघडतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आधी नीट शटडाउन करा, मग भिंतीवरचं बटण खुशाल बंद करा, काही होत नाही.

मी साहेबांना फोन केला आणि संध्याकाळी सातनंतर मशीन बंद राहील, असं सांगितलं. नोकरी जाईल असंच वाटत होतं. ते म्हणाले, बघू, तोवर तसं करा. त्या संध्याकाळी मी मशीन शटडाउन केलं, उरलेली चिकटपट्टी काढली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. खोली इतकी शांत झाली की हॉलमधला सासूबाईंचा श्वास ऐकू आला.

कंपनीने दुसरं मशीन अजून घेतलेलं नाही. आता आम्ही रात्री जेवायला बसलो की कंपनीतून फोन येतो, ताई, पाच मिनिटं चालू करता का, मालाची गाडी बिलासाठी गेटवर उभी आहे. बहुतेक वेळा मी ताटावरून उठते. काल उठले नाही. फोन वाजून वाजून थांबला. अण्णांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. मी ती संपवली, पण उद्या साहेब काय म्हणतील, हेच प्रत्येक घासाबरोबर मनात येत होतं.