उतारावरचा मासा

मी रोज सकाळी अंडी मोजते. कोंबडीची नव्हेत, माशांची. प्रयोगशाळेत दिवे लागले की झेब्राफिश नावाचे दोन पेरांएवढे पट्टेरी मासे अंडी घालतात, आणि ती काचेच्या बशीत घेऊन मी पुढचे दोन-तीन दिवस त्यांच्या मागे असते. अंडं पारदर्शक, आतलं सगळं दिसतं. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी आधी डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या तयार होतात, मग सरकत सरकत मध्यावर येऊन एकमेकींना भेटतात. त्यांची एक नळी होते आणि साधारण चोवीस तासांनी ती हलते. आधी नुसती थरथर, मग ठोका. हजारो वेळा पाहिलंय, तरी त्या तासाला मला खुर्चीत बसवत नाही.

त्या उन्हाळ्यात तर कुठेच बसवत नव्हतं. बाबांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि बाबा ऑपरेशनला तयार नव्हते.

बाबा स्वारगेटच्या डेपोत बसगाड्यांचे मेकॅनिक होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. डॉक्टर म्हणाले, बायपास लवकर करा. बाबा म्हणाले, "बुद्धपौर्णिमा होऊ दे." पौर्णिमा झाली. "ऊन उतरू दे." ऊनही उतरायला लागलं. "मला काय धाड भरलीय? तीन जिने चढतो." चढत होते, खरंच. पण दुसऱ्या मजल्यावर चपलेचा अंगठा नीट करायला थांबत होते, आणि त्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी दाराआड उभी राहून त्यांची पावलं मोजायचे. पावलं थांबली की माझा जीव टांगणीला. वर आले की मी भांडायचे, भांडताना त्यांना धाप लागायची, मग मी स्वतःवरच चिडायचे.

शेवटी त्यांना न विचारता सोमवारची तारीख घेऊन टाकली. सांगायचं मात्र धाडस होईना. आधीच्या गुरुवारी त्यांना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, बाबांनी पुन्हा छताकडे बघितलं. परतताना रिक्षात मी म्हणाले, लॅबमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, बसाल ना? मंगळवारची अंडी होती, अठ्ठेचाळीस तास भरत होते.

बसणार कसले? माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी मायक्रोस्कोप त्यांच्याकडे वळवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी डोळे लावले.

"अरे, पंप चालू आहे की!"

बराच वेळ बघत होते. "दोनच कप्पे?"

"माशाला दोनच असतात."

"मेंटेनन्स कमी."

मग त्यांनी स्वतःच शेजारची बशी उचलून भिंगाखाली ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांची बॉनेट उघडलेल्या माणसाला कोण अडवणार? ती बशी मी दाखवणार नव्हते. त्यातल्या पिल्लांना हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन जन्मतःच नसतं. हृदय जागेवर बनतं, पण आकुंचन पावत नाही. एकही ठोका पडत नाही.

"हा बंद आहे," बाबा म्हणाले. "मेला का?"

"नाही." मी बारीक केसाच्या टोकाने त्याला हळूच स्पर्श केला. शेपटी फटकन हलली.

बाबांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा डोळे लावले. "इंजिन बंद आणि गाडी पळतेय?"

"लहान आहे ना. पाण्यातला प्राणवायू कातडीतूनच मिळतो त्याला."

"किती दिवस?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या कामात शिस्त एकच, जे दिसलं तेच वहीत लिहायचं. ती आता हाडीमांसी खिळलीय. "पाच. फार तर सहा. मग तो मोठा होतो आणि तेवढं पुरत नाही."

"म्हणजे न्यूट्रल टाकून कात्रजचा घाट उतरतोय," बाबा म्हणाले. "डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर करायचे असं. उतार असेपर्यंत पॅसेंजरला काही कळत नाही."

मी दोन्ही बशा जागेवर ठेवल्या. रिक्षा करून घरी आलो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण चपलेकडे वाकले नाहीत. कठडा धरून उभे राहिले, उघड उघड धापा टाकत.

"तारीख घेतली असशीलच. कधीची?"

"सोमवारची."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, बॅग भरायला किती दिवस आहेत ते बघताहेत.

रविवारी दाखल केलं. सोमवारी सकाळी त्यांची तयारी चालू असताना नर्सने मला तासाभराने या म्हणून बाहेर काढलं. बाकावर बसवेना. रिक्षा केली आणि लॅबमध्ये गेले. का गेले, विचारू नका. तो मासा बशीत आडवा पडला होता, पांढुरका. केसाने स्पर्श केला. पुन्हा केला. वहीत लिहिलं: सहावा दिवस, मृत. अक्षर वाकडं आलं.

परतले तेव्हा बाबांना ट्रॉलीवर घेतलं होतं. हिरवी टोपी, चष्मा नाही, कवळी नाही. एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, गॅस बंद केलास का विचारतील.

"आज सहावा दिवस ना त्याचा?"

जिन्यात ते काय मोजत होते, ते मला तेव्हा कळलं.

"हो."

"आहे?"

"आहे," मी ट्रॉलीच्या चाकाकडे बघत म्हणाले. "शेपटी हलवतोय."

"बरं," ते म्हणाले, आणि ट्रॉली आत गेली.

पुढचे पाच तास मी त्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. आत त्यांचं हृदय मुद्दाम थांबवलेलं असणार आणि मग पुन्हा चालू करणार, एवढं माहीत होतं. रोज बशीत पहिला ठोका बघणारी मी, आणि नेमका हा एक मला दिसणार नव्हता. मला भयंकर भीती वाटत होती, आणि खोटं बोलून त्यांना आत पाठवलं याची लाजही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं भेटू दिलं. घशात घातलेल्या नळीमुळे त्यांचा आवाज पार बसला होता.

"मासा मेला होता ना?"

मी मान डोलावली. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"चाकाला सांगत होतीस ते."

"मग तरी आत गेलात?"

"जन्मात पहिल्यांदा खोटं बोललीस," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोरगी फारच घाबरलीय. आता मरून चालायचं नाही."