माझ्या तलवारीचा एकमेव बळी

मी आजवर एकाच चित्रपटात तलवार चालवली आणि तिच्याखाली एकच बळी पडला. तोही बायकोच्या कपाटातला.

माझा चुलतभाऊ विकास केडगावात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करतो. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात तलवारबाजीचा मायावी चित्रपट शिरला. मला म्हणाला, "दादा, तू सेनापती! फक्त वहिनीची लग्नातली पांढरी साडी आण. राक्षसिणीला पायजे. एक डाग पडायचा न्हाई!"

सेनापती! पन्नाशीच्या शाळामास्तराला आणखी काय हवं? मी साडी चोरली. (स्वतःच्याच घरातून. पहिली मोहीम फत्ते!)

तलवारी पत्र्याच्या, सैन्य अकरा माणसांचं, मायावी जंगल म्हणजे श्रीगोंद्याचा ऊस. मी "हाऽऽऽ!" करत राक्षसिणीवर धावलो. पत्र्याची कड लेसमध्ये अडकली आणि साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत टर्रर्र! मी तलवार टाकून चिंध्या जुळवू लागलो. विकास मात्र नाचत ओरडला, "लई भारी, दादा! एका टेकमध्ये ओके!"

इकडे लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आलेली. माझ्या बायकोला, रूथला, लग्नाच्या वाढदिवशी तीच साडी नेसून चर्चमध्ये जायचं होतं. साडीची लेस सासूबाईंनी स्वतः विणलेली!

"अहो, माझी साडी दिसत न्हाई."

"ड्रायक्लीनला टाकलीय."

"तुमी? आपणहून?" (इथेच तिला संशय यायला हवा होता.)

तो प्रसंग कापून टाकलाय, असं विकासने शपथेवर सांगितलं. मग मी निर्धास्तपणे रूथला आणि सासूबाईंना घेऊन नगरच्या टॉकीजमध्ये पहिल्याच खेळाला गेलो. चित्रपटात घोडा एकच होता, त्यामुळे राजा आणि शत्रू आळीपाळीने बसत होते. राजगुरूंची दाढी शाप देताना सुटली. प्रेक्षक हसून लोळत होते. आणि राक्षसीण आली.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "रूथ, ती लेस मी विणल्यासारखी दिसती गं."

"दिसती कसली, आई? तीच हाय."

"योगायोग!" मी म्हणालो. तेवढ्यात पडद्यावर मीच धावत आलो. टर्रर्र! मग तेच संथ गतीने. मग मागच्या बाजूने! टॉकीज दणाणून गेलं. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!" अख्ख्या चित्रपटात टाळी पडली ती एवढीच, आणि देव मला क्षमा करो, क्षणभर माझी छाती फुगली! मग मी शेजारी पाहिलं. रूथच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर विकास धावत आला. "वहिनी, कसा वाटला पिक्चर?"

"लई आवडला," रूथ शांतपणे म्हणाली. "दुसरा भाग काढा, भाऊजी. राक्षसीण मी होते. ह्यांना लग्नातला सूट घालायला लावा आन् तलवार माझ्या हातात द्या. पत्र्याची नको."

विकासला कल्पना भलतीच आवडली. सध्या तो निर्माता शोधतोय. आणि मी, मराठी चित्रपटसृष्टीचा हा उगवता सेनापती, दर रविवारी चर्चमध्ये डोळे घट्ट मिटून एकच मागणं मागतो: प्रभू, माझ्या भावाला निर्माता मिळू देऊ नकोस!